सीटी स्कॅनचा डाय : घरातून निघण्याआधी सांगायच्या गोष्टी

इन्सुली, बांदा, सावंतवाडीच्या आसपासच्या ज्या ज्या बाया आता चुलीपाशी, काजूच्या बागेत नाहीतर बचत गटाच्या बैठकीत रेडिओ लावून बसल्या असतील, त्या सगळ्यांना नमस्कार. आज बोलायचं आहे सीटी स्कॅनबद्दल. त्यातही ज्याला डॉक्टर ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात आणि आपण ‘डाय’ म्हणतो, त्या इंजेक्शनबद्दल.

मी बरीच वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. त्यातली काही वर्षं स्कॅनच्या खोलीच्या दाराशी गेली. तिथे बसून कागद भरून घ्यायचे, सुई लावायची, घाबरलेल्या बाईचा हात धरायचा, हे माझं काम. त्या दाराशी मला आपल्याकडच्या बायांनी सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न कुठला असेल? ‘माका कुर्ल्यो खाल्ल्यार अंगार गांधी उठतत, मगे ह्या इंजेक्शान माका चलात?’

प्रश्न चुकीचा नाही. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं, की डायमध्ये आयोडीन असतं, समुद्रातल्या माशांत आयोडीन असतं, म्हणून ज्याला मासे सोसत नाहीत त्याला डाय सोसणार नाही. ऐकायला हिशेब बरोबर वाटतो. पण तो खरा नाही. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या ज्यांना बाधतात त्यांना त्यातलं प्रथिन बाधतं, आयोडीन नव्हे. आयोडीन तर आपण रोज मिठातून खातो, ते शरीराला लागतंच, नाहीतर गळ्याला गलगंड होतो. जखमेला लावायच्या तपकिरी औषधाने कातडी लाल होते म्हणूनही डाय नाकारायचं कारण नाही. अंगावर पित्त उठण्याची सवय असेल, दमा असेल, कशाचीही ॲलर्जी असेल तर सांगा, अवश्य सांगा. अशा माणसाला त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, म्हणून लक्ष ठेवता येतं. पण कुर्ली खाऊन खाज येते एवढ्यासाठी तपासणी दोन-दोन महिने लांबवू नका. अशी लांबवलेली तपासणी मी पाहिली आहे. पोटातली गाठ तेवढा काळ काही थांबून राहत नाही.

आणखी एक घोळ नावाचा आहे. ‘डाय’ म्हटलं की काही जणींना केसांना लावायचा डाय आठवतो. एक आजी मला म्हणाल्या होत्या, तो लावला की माझं कपाळ सुजतं. त्या डायचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही. खरं तर ह्याला रंगच नसतो. पाण्यासारखं स्वच्छ, थोडंसं चिकट औषध असतं. ते अंगात गेल्यावर तुमच्या कातडीचा रंग बदलत नाही, लघवी रंगीत होत नाही. रंग दिसतो तो फक्त यंत्राला. आयोडीन क्ष-किरणांना अडवतं, म्हणून जिथे जिथे रक्त जातं तो भाग चित्रात पांढराशुभ्र उठून दिसतो.

आता यंत्राबद्दल थोडं. सीटीचं यंत्र म्हणजे उभं केलेल्या भल्यामोठ्या मेदूवड्यासारखं. मधल्या भोकातून आपलं टेबल पुढे-मागे सरकतं. एमआरआयसारखी ती लांब गुहा नसते, धडाधड आवाजही नसतो, आणि प्रत्यक्ष फोटो काढायला काही मिनिटंच लागतात. इंग्लंडमधल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनियरने हे यंत्र बनवलं. १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा ज्या रुग्णाचा असा स्कॅन झाला ती एक बाई होती. तिच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता आणि ती चित्रात दिसली. १९७९ साली हाउन्सफील्डना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

प्रत्येक सीटीला डाय लागत नाही. मुतखडा शोधायचा असेल, डोक्याला मार लागून आत रक्त साचलंय का पाहायचं असेल, तर बहुतेक वेळा साधा सीटी पुरतो. गाठ आहे का, असली तर ती कुठवर पसरली, पू झालाय का, शीर कुठे बंद झाली, हे पाहायला डाय लागतो. साध्या सीटीत आतडी, शिरा, गाठी सगळं एकाच करड्या रंगाचं दिसतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्ट’ असं लिहिलंय का, हे त्याच वेळी विचारून घ्या. ‘हा डाय देऊन करायचा की साधा? आणि कशासाठी?’ एवढं विचारायला लाजायचं कारण नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या भागातून स्कॅनसाठी माणसं कुठे कुठे जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे. कोण सावंतवाडीला, कोण ओरोसला, कोण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये, आणि कुणाला कोल्हापूर नाहीतर बेळगावही गाठावं लागतं. पहाटे उठायचं, गाडी ठरवायची, सोबतीला कुणाचा तरी कामाचा खाडा करायचा. ह्या सगळ्यामुळे काय होतं? दाराशी आम्ही विचारतो, ‘काकी, आधी कधी असं इंजेक्शन घेतलं होतं का? काही त्रास झाला होता?’ आणि काकी म्हणते, ‘नाय गो, काय नाय.’

अशाच एका काकीची गोष्ट सांगते. ती काय नाय म्हणाली, अंगठा दिला, आत गेली. डाय गेल्यावर पाच मिनिटांत गळ्यावर, छातीवर गांधी उठल्या, आवाज बसला. डॉक्टर शेजारीच होते, औषधं तयार होती, अर्ध्या तासात ती बरी झाली. मग तिने सांगितलं, बारा वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी असाच डाय देऊन एक्स-रे काढला होता आणि तेव्हाही असंच झालं होतं. मी विचारलं, मग मघाशी का नाही बोललीस? तर म्हणाली, ‘सांगलंय तर परत धाडतले. गाडीचा भाडा कोण देतलो?’

तिच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. तिचा हिशेब खोटा नव्हता. त्या दिवशी दाराशी सांगितलं असतं तर कदाचित खरंच परत पाठवलं असतं. कारण पूर्वी डायचा त्रास झालेल्या माणसाला तो पुन्हा द्यायचा तर तयारी लागते. काही वेळा दुसऱ्या कंपनीचा वेगळा डाय वापरतात, काही वेळा स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. त्या गोळ्यांचा पहिला डोस इंजेक्शनच्या बारा-तेरा तास आधी, म्हणजे आदल्या रात्री, घ्यावा लागतो. काही वेळा डाय न देता दुसरीच तपासणी करतात. दाराशी उभं राहून हे होत नाही. पण तीच गोष्ट तारीख घेताना सांगितली, तर खेप वाया जात नाही आणि जीवही धोक्यात जात नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की सांगायचं ते तारीख घेतानाच सांगायचं. फोनवर विचारायचं. दाराशी पोचेपर्यंत वाट पाहायची नाही.

काय काय सांगायचं? पहिली गोष्ट आता सांगितलीच : पूर्वी डायने त्रास झाला होता का. झाला असेल तर काय झालं, किती साली. त्या वेळचा कागद असेल तर सोनं समजा.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची, म्हणजे किडनीची. डाय शरीराबाहेर जातो तो लघवीवाटे. किडनी चांगली असेल तर एका दिवसात बहुतेक सगळा निघून जातो. किडनी आधीच थकलेली असेल तर तिच्यावर भार पडू शकतो. म्हणून रक्ताची ‘क्रिएटिनिन’ नावाची तपासणी आधी करायला सांगतात. ती सावंतवाडीत, बांद्यात कुठेही होते, फार महाग नसते. स्कॅनच्या दोन-चार दिवस आधी करून रिपोर्ट सोबत न्या. तिथे जाऊन करायची ठरवली तर अर्धा दिवस त्याच्यातच जातो. आता ह्यात एक बारकी गोष्ट आहे. क्रिएटिनिन १.३ आला, आणि माणूस तिशीतला, अंगाने भरलेला असेल, तर त्याची किडनी ठीक असते. तोच १.३ सत्तर वर्षांच्या बारीकशा आजीचा असेल, तर तिची किडनी निम्म्याच्या आसपासच काम करत असते. म्हणून नुसता आकडा पाहून ‘बरा आसा’ म्हणू नका. डॉक्टर वय आणि आकडा मिळून एक हिशेब काढतात, त्याला ‘ईजीएफआर’ म्हणतात. तो तीसच्या खाली असेल तर डाय द्यावा का याचा ते नीट विचार करतात. तेव्हाही डाय अगदी देतच नाहीत असं नाही. जीव वाचवण्यासाठी लागला तर देतात.

किडनीला दुखवणाऱ्या आपल्याकडच्या दोन गोष्टी सांगते. एक लेप्टो. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून कुणाकुणाला तो होतो, तापातून माणूस उठतो आणि विसरून जातो. लेप्टो किडनीलाही धरतो. तो होऊन गेला असेल, विशेषतः त्याच वर्षी, तर सांगा. दुसरी दुखण्याची गोळी. कंबर दुखली, गुडघा दुखला की दुकानातून आणलेली गोळी गिळायची आणि कामाला लागायचं, हे आपलं रोजचं. ह्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीवर ताण देतात. घेत असाल तर कबूल करा. काढे, गावठी औषधं घेत असाल तर तेही. कुणी ओरडणार नाही, आणि ओरडलं तरी सांगा.

तिसरी गोष्ट मधुमेहाची. मेटफॉर्मिन नावाचं औषध खूप जणी घेतात, पुष्कळदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतं, म्हणून नावावरून कळत नाही. ही गोळी डायशी भांडत नाही. पण डायनंतर किडनी अडखळली तर हे औषध अंगात साचून राहतं, आणि ते वाईट. म्हणून ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांना ते स्कॅनच्या दिवसापासून दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. ज्यांची किडनी चांगली आहे त्यांना बंद करायची गरज नसते, तरी काही ठिकाणी सरसकट बंद करायला सांगतात. आपल्या मनाने काही करू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. रिकामी पाकिटंही चालतील. इन्सुलिन घेणाऱ्या बाईने एक जास्तीचा प्रश्न विचारावा : मला उपाशी यायला सांगितलं आहे, तर सकाळचं इन्सुलिन किती घेऊ? उपाशी पोटी नेहमीएवढं इन्सुलिन घेतलं तर साखर कोसळते आणि माणूस रस्त्यातच गाडीत आडवा होतो. रक्तदाबाची गोळी मात्र बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच असते.

उपाशी म्हणजे अन्नाने उपाशी, साधारण चार तास, केंद्र सांगेल तेवढे. पाणी बहुतेक ठिकाणी चालतं, तेही विचारून घ्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या बाया प्रवासात पाणी पीतच नाहीत. का, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वाटेत धड संडास नसतो. एसटीत बसताना घसा कोरडा ठेवायचा ही आपली सवय. पण ज्या दिवशी डाय घ्यायचा त्या दिवशी कोरड्या अंगाने जाणं म्हणजे किडनीला उपाशी ठेवून भाताचा भारा उचलायला लावणं. चालत असेल तर सकाळपासून पाणी प्या, आणि स्कॅन झाल्यावर तर दिवसभर प्या. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी पाणी मोजून सांगितलंय त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं. पोटाच्या सीटीला कधी कधी डाय घातलेलं पाणी थोडं थोडं करून तासभर प्यायला देतात. ते बेचव असतं, पण आतडी नीट दिसायला लागतं. ओतून देऊ नका. ओतून देणाऱ्याही पाहिल्यात.

चौथी गोष्ट आपल्या बायकांचीच. पाळी चुकली असेल, दिवस राहिल्याची शंका असेल, तर सांगायचंच. सोबत सासू आहे, दीर आहे, त्यांच्यासमोर बोलवत नाही, हे मला कळतं. नर्सला बाजूला बोलवा. ‘ताई, जरा हयसर ये’ म्हटलं की नर्स समजते. आणि अंगावर पाजणारी आई असेल तर तिला बऱ्याच वेळा सांगतात, चोवीस तास पाजू नको. आता जाणकारांचं मत असं आहे की पाजायला हरकत नाही. डायचा शंभरातला एक भागसुद्धा दुधात उतरत नाही, आणि जो उतरतो त्यातलाही अगदी थोडा बाळाच्या पोटातून रक्तात जातो. म्हणजे हिशेबाने दहा हजारांतल्या एका भागाहूनही कमी. मनाला लागत असेल तर आधी दूध काढून ठेवा, पण बाळाला दिवसभर रडत ठेवू नका. थायरॉइड जास्त चालत असेल तर तेही सांगा, तिथे आयोडीनचा संबंध खरोखरच येतो. आणि स्तनाचं ऑपरेशन होऊन बगलेतल्या गाठी काढल्या असतील तर सुई दुसऱ्या हाताला लावायला सांगा.

दागिन्यांचं एक वाक्यात सांगते. डोक्याचा स्कॅन असेल तर कुड्या, नथ, पिना. छाती-पोटाचा असेल तर मंगळसूत्र, साखळी आणि पदराची सेफ्टीपिन काढावी लागते, कारण धातूने चित्रावर रेघोट्या पडतात. मंगळसूत्र घरीच सासूबाईंच्या हातात देऊन या, तिथल्या टेबलावर ठेवून जीव टांगणीला लावू नका.

आत गेल्यावर काय होतं? कोपराच्या खळगीत सुई लावतात. एक पंप अर्धा पेलाभर डाय अर्ध्या मिनिटात आत सोडतो. गळ्यापासून खाली गरम लाट गेल्यासारखं वाटतं, तोंडाला धातूची चव येते. आणि मग असं वाटतं की आपल्याला लघवी झाली, कापड भिजलं. नीट ऐका : होत नाही. नुसतं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं, पुरुषांनाही. पण कुणी आधी सांगितलेलं नसलं की बाई लाजेने अंग आवळते, हलते, आणि फोटो हलतो. यंत्रातून आवाज येतो, श्वास घ्या, रोखून धरा. काही ठिकाणी तो हिंदीत नाहीतर इंग्रजीत असतो. आधीच विचारून घ्या काय म्हणणार ते.

सुईच्या जागी आग झाली, हात फुगला, तर त्याच क्षणी ओरडा. सोसत पडू नका. डाय शिरेबाहेर मांसात जातोय असा त्याचा अर्थ असतो. घसा आवळल्यासारखं वाटलं, खाज सुटली, दम लागला, तरी तेच. बाहेरच्यांना तुमचा आवाज ऐकू येतो.

भीती वाटत असेल तर थोडे आकडे सांगते. १९९० साली जपानमध्ये तीन लाखांहून जास्त रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. जुन्या प्रकारच्या डायने शंभरात बारा-तेरा जणांना काही ना काही त्रास झाला, नव्या प्रकारच्या डायने तीन जणांना. गंभीर त्रास जुन्याने दहा हजारांत बावीस जणांना, नव्याने चार जणांना. आज सीटीला शिरेतून देतात तो हा नवा प्रकार.

हा नवा डाय कसा सुचला ती गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या बायांना लगेच कळेल. स्वीडनमध्ये टॉर्स्टेन आल्मेन नावाचे क्ष-किरणांचे डॉक्टर होते. जुना डाय शिरेत गेला की रुग्ण वेदनेने कळवळायचे. आल्मेनना आठवलं, त्यांच्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहताना खाऱ्या पाण्याने डोळे चुरचुरतात, पण पूर्वेच्या बाल्टिक समुद्रात, जिथलं पाणी मचूळ, तिथे चुरचुरत नाहीत. दर्याचं पाणी डोळ्यात गेलं तर काय होतं आणि खाडीच्या वरच्या टोकाचं गेलं तर काय होतं, तसंच हे. त्यांनी ताडलं की दुखतं ते डाय रक्तापेक्षा पाच-सहा पट दाट असल्यामुळे. मग त्यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी कमी दाटीचा, शरीराला सोसणारा डाय कसा बनवता येईल ते मांडलं. डायला आता आग होत नाही, नुसती ऊब वाटते, ती त्यांच्यामुळे.

किरणांबद्दलही विचारतात. डाय स्वतः किरण सोडत नाही, घरी जाऊन नातवाला मांडीवर घ्या. सीटीच्या यंत्राचे किरण मात्र साध्या एक्स-रेपेक्षा बरेच जास्त असतात. पोटाचा एक सीटी म्हणजे जमिनीतून, आकाशातून आपल्याला तीन-चार वर्षांत जेवढे किरण मिळतात तेवढे. गरजेचा असेल तर घ्यावा, पण ‘एकदा सगळा बघून टाकूया’ म्हणून हौसेने करू नये. आणि जुने फोटो, सीडी, रिपोर्ट घरच्या ट्रंकेत नीट ठेवा. ते नसले की तोच स्कॅन पुन्हा करावा लागतो.

स्कॅन झाल्यावर निदान अर्धा तास तिथेच बसा. गंभीर त्रास झालाच तर बहुतेक वेळा एवढ्या वेळातच होतो. ‘सुई तेवढा वेळ हातातच असू दे’ असं सांगा. गाडीवाला हॉर्न वाजवील, वाजवू दे. घरी गेल्यावर त्या आठवड्यात अंगावर पुरळ उठलं तर तेही डायचं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. लघवी कमी झाली, पाय सुजले तर थांबूच नका.

निघताना एक गोष्ट मागून घ्या. कागदावर डायचं नाव, किती दिला आणि त्रास झाला की नाही, हे लिहून द्या म्हणा. माझ्या त्या काकीने ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाच्या आत ठेवली होती. दीड वर्षाने पुन्हा स्कॅनची वेळ आली, तेव्हा तिने तारीख घेतानाच चिठ्ठी पुढे केली. आदल्या रात्री गोळ्या घेतल्या, वेगळा डाय दिला, काहीही झालं नाही. दुपारी बांद्याला उतरून तिने बाजारातून बांगडे घेतले आणि घरी गेली.